मगरीची अंडी आणि कोंबडीकाकांचे हात

मित्रांनो, मी एक म्हातारी मगर आहे. आज मी तुम्हाला काठावर ऊन खाताना दिसते, पण मध्ये दोन वर्षं अशी गेली की मला तोंड वर काढायची लाज वाटत होती. नाकपुड्या आणि डोळे तेवढे पाण्याबाहेर ठेवायचे, बाकी सगळं अंग बुडवून टाकायचं. आम्हा मगरींची घडणच तशी आहे. तोंड लपवायला फार सोयीची.

माझा जन्म नदीकाठच्या वाळूत झाला. आमच्यात मुलगा की मुलगी हे घरट्यातली ऊब ठरवते. माझ्या वाट्याला मुलीची ऊब आली. मी अंड्याच्या आतूनच हाक दिली, आईने वाळू उकरली आणि मला जबड्यात धरून पाण्यात नेलं. जो जबडा हाडं फोडतो, त्यात मी खुशाल पाय पसरून बसले होते. पुढे माणसांनी मला पकडून लोकांना दाखवायला या तळ्यावर आणलं, एका नराच्या जोडीला. शेजारच्या तळ्यात लांब, निमुळत्या तोंडाची सुसर आहे. ती आमच्या नात्यातलीच, पण माशांवर राहते आणि त्याचा तोरा मिरवते.

आमच्या अंगात स्वतःची ऊब नसते, म्हणून उन्हात पडायचं. फार तापलं की तोंड उघडून तसंच निश्चल पडून राहायचं. बघणारे म्हणत, "प्लॅस्टिकची आहे ही!" आणि खडे मारत. जमिनीवर डोळे कोरडे पडू नयेत म्हणून आमच्या डोळ्यांत पाणी येतं, तर म्हणत, "बघा, ढोंगी रडते आहे." उचलली जीभ लावली टाळ्याला! आमची जीभ तर खालच्या जबड्यालाच चिकटलेली असते, आम्हाला ते सुखही नाही.

मग तळ्यावर नवा राखणदार आला. त्याची हयात कोंबड्यांची अंडी उबवण्यात गेली होती, म्हणून सगळे त्याला कोंबडीकाका म्हणत. त्याची मुलगी तिकीटखिडकीवर बसे. माणूस मायाळू. मला 'बाई' म्हणायचा. मी अंडी घातली की काही दिवसांनी ती टोपलीत भरून तो काठावरच्या काचेच्या खोलीत न्यायचा आणि ऊबदार वाळूत मांडायचा. तळ्यातून मला सगळं दिसे. सकाळ-संध्याकाळ तो एकेक अंडं हातात घेऊन अलगद फिरवायचा. "चला, कूस बदला," असं त्यांच्याशी बोलायचा. तळहाताच्या फोडासारखं जपलं त्याने माझ्या अंड्यांना.

पण एकही पिल्लू निघालं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही.

"माझ्या हातून हजारो पिल्लं निघालीत," तो तळ्याच्या साहेबांना म्हणाला. "खोट हिच्यातच आहे. ही वांझ आहे."

"यंदाचं वर्ष बघू," साहेब म्हणाले. "नाहीतर हिला मागच्या टाकीत टाका. इथे दुसरी मादी आणू."

मागची टाकी म्हणजे चार सिमेंटच्या भिंती. ना वाळू, ना ऊन. पण मित्रांनो, टाकीच्या भीतीपेक्षा लाजच मोठी होती. एवढ्या मायेच्या हातांत माझी अंडी नासली, म्हणजे मीच नासकी, असं मला वाटे. सुसरीने माझ्याकडे नुसतं पाहिलं तरी मी बुडी मारायची.

तिसऱ्या वर्षी मी झुडपामागच्या वाळूत अंडी घातली आणि तिथून हललेच नाही. नासायचीच असतील तर निदान माझ्याजवळ नासू देत! कोंबडीकाका टोपली घेऊन आला, तशी मी फुत्कारले. तो दचकून मागे सरला.

"बाई, माझ्यावर?" त्याचा चेहरा पडला.

"असू द्या, बाबा," मुलगी कुंपणापलीकडून म्हणाली. "नाहीतरी दोन वर्षं वायाच गेली ना?"

मी दोन महिने राखण केली. शेवटी एका सकाळी वाळूतून आवाज आला. बारीक, पण चांगलाच हट्टी. माझी पिल्लं अंड्यातून हाका मारत होती! मी वाळू उकरली, पिल्लांना जबड्यात घेतलं आणि पाण्याकडे निघाले.

"खाल्ली! स्वतःची पिल्लं खाल्ली हिने!" कोंबडीकाका ओरडत बांबू घेऊन धावला. एक फटका माझ्या नाकावर बसला. दुसराही बसला. जबडा आवळला असता तर पिल्लं चिरडली असती. मी तो तसाच सैल ठेवला, मार खात पाण्यात उतरले आणि तोंड उघडलं. पिल्लं एकामागून एक पोहत बाहेर पडली.

बांबू त्याच्या हातातून गळून पडला. तो काठावर मटकन बसला.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "हिने एकदाही अंडं फिरवलं नाही. आपण रोज फिरवत होतो."

मित्रांनो, कोंबडीचं अंडं फिरवलं नाही तर आतला जीव कवचाला चिकटून मरतो. आमच्या अंड्यातला जीव मात्र पहिल्या दिवसातच कवचाच्या वरच्या अंगाला चिकटतो, आणि तसाच जगतो. फिरवलं की संपला.

कोंबडीकाका कितीतरी वेळ आपल्या तळहातांकडे बघत राहिला. "आणि मी हिला वांझ म्हणत होतो गं," एवढंच तो म्हणाला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती लाज मला ओळखीची होती. ती माझ्याकडून त्याच्याकडे गेल्याचा आनंद मला झाला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तळं बघायला आलेल्या बायकांनी लगेच बोट दाखवलं, "ढोंगी!" पण मी तर तेव्हा पाण्यात होते, आणि पाण्यात मगरीचे डोळे कोरडे पडत नाहीत.

म्हणून सांगते, कुणाला जपायला घ्याल तेव्हा त्याची रीत आधी समजून घ्या. माया तर कोंबडीकाकाकडेही होती.

मला टाकीत कुणी टाकलं नाही. मी आता दर वर्षी उघड्यावर अंडी घालते. कोंबडीकाका रोज घरट्यापाशी येतो, वाकून बघतो, आणि येताना आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवतो.