पंचफुलाची मान

रोहिणखेडात लग्न कोणाचंही असो, चुलीवरच्या उपड्या खापरावर मांडे टाकायला पंचफुलाच लागायची. पुरणाचा उंडा जरासा लाटून उचलायचा आणि दोन्ही हातांवर झुलवत पसरत न्यायचा, हे काम ती हसत हसत करी. त्याच बाईच्या हातात माघात, पुतण्याच्या साखरपुड्याला, मांडा फाटला. एक नव्हे, लागोपाठ दोन-तीन! पुरण निखाऱ्यांत करपलं आणि बायकांत कुजबुज सुरू झाली.

उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तिचं ऐकेनाशी झाली होती. मूठ वळेना, चोळीचं हूक लागेना. "हातावरून वारं गेलं," चुलतसासू अंबूबाईनं निकाल देऊन टाकला. झालं! गावात एकदा वारं गेलं म्हटलं, की माणूस निकामी. दुसऱ्या दिवशी अंबूबाई बोटांना चटके द्यायला बिबा घेऊन हजर.

"आत्याबाई, ठेवा तो बिबा," पंचफुलानं हात पदराखाली घेतला. "वारं गेलं असतं तं तोंड वाकडं झालं असतं. माहं तोंड तं अजून चांगलं चालते."

"अवं, म्हातारी सांगते ते ऐक," नवरा शालिग्राम म्हणाला. "अन् मांड्याचं सोड आता. दुसरी कोणी बसन खापरावर. तू आराम कर."

आराम म्हणे! संध्याकाळी म्हशींच्या वैरणीचा भारा मात्र तिच्याच डोक्यावर. पंचफुलाचं डोकंच फिरलं. सकाळी कोणाला न विचारता तिनं बुलढाण्याची एसटी धरली.

डॉक्टरीणबाईंनी बोटं वाकवून पाहिली, मग तिची मान मागे, उजवीकडे कलती केली आणि डोक्यावर हलकेच दाब दिला. मानेतून करंगळीपर्यंत करंट गेला. "आई वं!" पंचफुला ओरडली. "बोटाईत जोर नाई म्हनून आली मी. तुम्ही मान काऊन दाबता?"

"बोटांना जोर देणारी शीर मानेतून निघते, ती तिथं दबलीय. डोक्यावर ओझं वाहता का?"

"जल्मभर!"

"ते बंद." बाईंनी मानेचा एमआरआय करून घेतला, गोळ्या दिल्या, व्यायाम शिकवले. "जोर आणखी कमी झाला तर लगेच या, मग ऑपरेशनचं बघावं लागेल. अंगावर काढाल तर बोटं कायमची जातील."

घरी आल्यावर शालिग्राम हसला. "दुखनं बोटाचं अन् इलाज मानेचा! मंग भारा कोन आनन?"

"तुमच्या धडावर बी मानच हाय ना?"

त्याचं हसू गेलं. "मी भारा वाहू? लोक हसतीन मले."

"हसू द्या. माही बोटं गेली तं लोक आनून देतीन का?"

त्या संध्याकाळी म्हशी दावणीला हंबरत राहिल्या. मुक्या जिवांचा आवाज ऐकून पंचफुलाचं काळीज तुटत होतं, पण ती उठली नाही. भिंतीला टेकून शिकवल्याप्रमाणे मानेचे व्यायाम करत बसली. शेवटी शालिग्राम शिव्या घालत विळा घेऊन निघाला आणि सायकलवर भारा बांधून आला. मग रोज तोच आणू लागला, शिव्यांसकट. ती कणकेचा गोळा मुठीत दाबायची. बोटं हळूहळू वळू लागली, तरी करंगळी मागेच राहायची.

वैशाखात अंबूबाईच्या नातीचं लग्न निघालं. पंचफुलाला जेवायचं बोलावणं आलं, मांड्यांचं नाही. ती गेली ती थेट चुलीशी. खापरावर बसलेल्या पोरीला म्हणाली, "ऊठ माय, जरा."

"पंचफुले, लग्नघरात तमाशा नको," अंबूबाई धावत आली.

पंचफुलानं उंडा लाटला, उचलला, झुलवला. करंगळी लुळी पडली, मांडा एका अंगानं लांबत चालला. तिनं दात आवळले आणि मांडा खापरावर टाकला.

"वाकडा झाला वं," अंबूबाई म्हणाली.

"झाला. पर फाटला नाई," पंचफुला म्हणाली. "द्या पुढचा उंडा."