खडीसाखरेतला पेरू

हर्षवर्धनचा चीनहून फोन येऊन गेला, तेव्हापासून आशालताबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिकडे नोकरीला जाऊन जेमतेम दोन महिने होतात न होतात, तोच लेकाला खोकल्याने धरलं होतं. आणि तुटत तुटत आलेल्या आवाजातून कळलं ते असं, की घरमालकीण त्याला खडीसाखर घालून वाफवलेला पेरू खाऊ घालते.

"खोकल्यावर पेरू देतं का कुणी? घरमालकीण आहे की वैरीण?" नायगावच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात त्यांच्या सकाळपासून येरझाऱ्या चालल्या होत्या. लेकासाठी म्हणून आल्याचा काढा उकळला; प्यायला इथे कोण होतं? तेवढ्यात दूध उतू गेलं.

शेवटी संपदाने, त्यांच्या लेकीने, भावाला व्हिडिओ कॉल लावून दिला.

"पेरू नाही गं आई, पेअर. आपली नासपती," हर्षवर्धन हसला. "तुझा आल्याचा काढा कोरड्या खोकल्याला उष्ण पडतो, म्हणते घरमालकीण. चिनी लोक त्यावर नासपतीच देतात."

"साल काढून देते?"

"साल काढते, बिया काढते, कोमट झाली की खोलीवर आणून देते."

त्याचा आवाजही मोकळा झाला होता. "बरं," म्हणून आशालताबाईंनी फोन संपदाकडे दिला.

"झालं ना समाधान?"

"झालं की," म्हणत त्या पुन्हा येरझाऱ्या घालू लागल्या. पेरू असता तर त्या बाईला नावं तरी ठेवता आली असती.