खांबाच्या अलीकडे केंटकी

पूल दुरुस्तीसाठी बंद झाला आणि लव्हर्न स्टॅम्परचे पलीकडचे पेशंट एका दिवसात परदेशी झाले. नदी तीच, माणसं तीच, चर्चसुद्धा एकच. पण लव्हर्नचा आहारतज्ज्ञाचा परवाना केंटकी राज्याचा, आणि नदीच्या त्या काठावर ओहायो राज्य सुरू होतं. पूल चालू होता तोवर माणसं गाडीत बसून तिच्या दवाखान्यात येत, त्यामुळे हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. साथीच्या काळात सरकारनेच सूट दिली होती, की फोनवरून खुशाल पलीकडच्यांना सल्ला द्या. साथ गेली, तशी सूटही गेली. आता नदीच्या खालच्या अंगाच्या दुसऱ्या पुलावरून जाऊन यायचं तर अर्धा दिवस मोडायचा, आणि म्हाताऱ्या माणसांना तेवढी गाडी कोण चालवू देणार?

ओहायोच्या परवान्यासाठी तिने अर्ज केला होता. त्या कार्यालयातली बाई आवाजाने गोड होती आणि जागची हलत नव्हती.

"तुमचं सगळं आलंय हो. फक्त कॉलेजकडून मार्कांचा कागद थेट आमच्याकडे यायला हवा."

"कॉलेज म्हणतंय पाठवला."

"मग असेल वाटेत. महिना-दीड महिना धरून चाला."

"बाई, या कामात माझे केस पिकले. नदी ओलांडली की माझी अक्कल बुडते का?"

"अक्कल नाही बुडत. अधिकार बुडतो," बाई म्हणाली, आणि लव्हर्नला राग आला तो वाक्य चोख होतं म्हणून.

त्याच दुपारी हर्शेल मॅकोमसचा फोन आला. हा माणूस आयुष्यभर मालाचे सपाट बार्ज ढकलणाऱ्या बोटींवर राबला होता. अंगाने अजून ओंडक्यासारखा, पण आतून मूत्रपिंडं पार थकलेली. चार वर्षं लव्हर्नने त्याच्या ताटावर डोळ्यांत तेल घालून पहारा केला होता, आणि तेवढ्यावर डायलिसिसचं मशीन दाराबाहेर थांबलं होतं.

"पोरी, रक्तातलं पोटॅशियम पाच पूर्णांक नऊ आलंय. मागच्या खेपेपेक्षा वर. डॉक्टर म्हणाला, औषध वाढवतो, पण पंधरा दिवसांनी पुन्हा चढलेलं दिसलं तर मशीन. मी काय खातोय चुकीचं, ते सांग."

 विचारायचे प्रश्न लव्हर्नच्या जिभेवर रांगेत उभे होते.

"ब्रदर हर्शेल," ती चर्चमधल्या सवयीने म्हणाली, "तुम्ही कुठून बोलताय?"

"घरातून. अजून कुठून?"

"मग मला सांगता येत नाही. छातीत धडधडलं, हातपाय गळाल्यासारखे झाले, तर घटकाभरही न थांबता इस्पितळ गाठा. एवढं कुणीही सांगू शकतं. त्यापुढचं नाही."

"इथली आहारतज्ज्ञ दोन तासांवर बसते, आणि तिची पुढची तारीख मक्याची कणसं निघाल्यावरची आहे! आणि ती टॉन्या बघ. तिच्याकडे कसला परवाना नाही, तरी दुकानात बसून सगळ्या गावाला शिकवते. माझी बायको ओपलसुद्धा महिन्याभरापासून तिच्याकडे जाते."

टॉन्या स्वतःला आरोग्य-सोबती म्हणवायची. तिच्या दुकानाच्या काचेवर लिहिलं होतं, 'आम्ही उपचार करत नाही, फक्त माहिती देतो.' त्या एका ओळीच्या आडोशाला ती कायद्यापासून सुखरूप होती. माहिती द्यायला परवाना लागत नाही. ज्याला येतं त्याच्या तोंडाला कुलूप, आणि जिला येत नाही तिचं दुकान उघडं!

फोन ठेवल्यावर दवाखान्यातली नर्स म्हणाली, "सांगून टाकायचं होतं. कोणाला कळणार आहे?"

"ब्रदर हर्शेल बरा झाला की चर्चमध्ये उभा राहून देवाचे आभार मानील, आणि देवाच्या पाठोपाठ माझं नाव घेईल. दोन्ही काठांना कळेल."

ते हसण्यावारी गेलं, पण खरं कारण वेगळं होतं. लव्हर्न शाळेत असताना एक माणूस गावात तंबू ठोकून बसला होता. अंगात पांढरा कोट, आणि बोलणं लोण्यासारखं मऊ. त्याने तिच्या आईचं इन्सुलिन सोडवलं आणि सफरचंदाच्या व्हिनेगरवर ठेवलं. आईचा पाय गेला, पुढे आईही गेली. तो माणूस तंबू गुंडाळून दुसऱ्या गावाला गेला. त्याची तक्रार कुठे करायची हे वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तशी जागाच नव्हती. ज्याच्याकडे परवाना नाही, त्याचा काढून काय घेणार? म्हणून पुढे परवान्याच्या कायद्याची मागणी झाली तेव्हा लव्हर्न राजधानीत विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक धरून उभी राहिली होती. तो कायदा आज तिलाच नडत होता, पण स्वतः मागून घेतलेला कायदा गैरसोयीचा झाला म्हणून फेकून देणाऱ्यांतली ती नव्हती. आणि हर्शेलला मशीनवर जाऊ देणाऱ्यांतलीही नव्हती.

संध्याकाळी ती नदीकाठी जाऊन उभी राहिली. पलीकडे, मॅकोमसांच्या घराखाली, पाण्यात जुन्या कोळसा-धक्क्याचा सिमेंटचा खांब दिसत होता. त्या खांबाकडे बघता बघता ती मोठ्याने म्हणाली, "अगं गाढवे!"

नदी ओहायोची नाहीच. नाव ओहायो असलं तरी नदी केंटकीची, पार त्या काठच्या जुन्या पाणरेषेपर्यंत. धरणं झाली, पाणी चढलं, आणि ती रेषा पाण्याखाली गेली. पण कुठून गेली हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खांबाच्या अलीकडे केंटकी. लहानपणी पलीकडची पोरं खांब ओलांडून गळ टाकायची, तेव्हा लव्हर्न आणि तिचे भाऊ याच काठावरून ओरडायचे, "ए ओहायो, आमचे मासे सोडा!"

सकाळी तिने आपल्या परवाना मंडळाला फोन लावला.

"पेशंट बोलताना केंटकीत असेल, तर माझा परवाना चालतो ना?"

"चालतो. कुठे असेल पेशंट?"

"होडीत."



"आणि होडी?"

"ओहायो नदीत. खांबाच्या अलीकडे."

"थांबा, साहेबांना विचारते." साहेबांना विचारायला तिला इतका वेळ लागला की लव्हर्नची कॉफी थंड झाली. "साहेब म्हणाले, नदी आपलीच आहे. आणि म्हणाले, लाइफ जॅकेट घालायला सांगा."

लव्हर्नने लगेच हर्शेलला फोन केला. "ब्रदर हर्शेल, गुरुवारी सकाळी होडी काढा. खांबाच्या माझ्या बाजूला या. येताना सिस्टर ओपलना आणि त्यांच्या ओट्यावरचं सगळं घेऊन या. जे जे तुमच्या तोंडात जातं, ते ते."

"ओपल होडीत? पोरी, लग्नाला पन्नास वर्षं होत आली, तिने पाण्यात अंगठा बुडवलेला नाही. आमच्याकडे बाप्तिस्मा नदीत बुडवून होतो, म्हणून लग्नाआधी ती दोन वर्षं उद्धाराशिवाय राहिली होती!"

मागून ओपलचा आवाज आला, "स्वयंपाक मी करते. त्याला काय कळतंय? मी येणार."

गुरुवारी नदी शांत होती. लव्हर्नने भावाची मोटारीची होडी घेतली, एक बार्ज पुढे जाऊ दिला, आणि खांबाला दोर टाकून थांबली. पलीकडून हर्शेल वल्ही मारत आला. पुढ्यात ओपल डोळे गच्च मिटून, मांडीवरची टोपली छातीशी धरून बसली होती आणि ओठांत प्रार्थना पुटपुटत होती. हर्शेलने होडी लव्हर्नच्या होडीला लावली.

"सिस्टर ओपल, डोळे उघडा. केंटकीत आलात."

"केंटकी हलतंय गं," ओपल म्हणाली.

टोपलीतून एकेक डबा निघाला. कोबी. फरसबी. चिकन. ताकाऐवजी पाण्यात पीठ कालवून केलेला मक्याचा कॉर्नब्रेड, बिचारीने एवढंही पाळलं होतं. पोटॅशियमने भरलेलं काहीच नाही: बटाटा नाही, राजमा नाही, टोमॅटो नाही. परसात टोमॅटो लाल होऊन गळत होते आणि हर्शेल त्यांच्याकडे नुसता बघत होता. लव्हर्नने सगळं पुन्हा पुन्हा विचारलं. केळं? नाही. संत्र्याचा रस? नाही. टॉन्याकडचा काढा? "तो मी ओतून दिला, वास मारत होता," ओपल म्हणाली. मीठ?

"कणभर नाही," हर्शेल म्हणाला. "डॉक्टरने विचारलं, नर्सने विचारलं, तू चार वर्षं विचारतेयस. मीठ बंद म्हणजे बंद."

 ताटात काहीच खोट नव्हती. मग मूत्रपिंडंच संपली असणार, आणि त्यावर तिच्याकडे उपाय नव्हता.

"आता एवढं आणलंय तर खाऊन घे," ओपल नवऱ्याला म्हणाली. हर्शेलने कोबीचा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. ओपलचा हात सवयीने ॲप्रनच्या खिशात गेला. बाहेर आली ती छोटी डबी. तिने ती कोबीवर झटकली, एकदा, मग पुन्हा.

"हे काय?"

"मीठ नाही गं. मिठाऐवजीचं. टॉन्याने सांगितलं, यात सोडियम नाही, मूत्रपिंडाला चांगलं. चव जरा फिकी आहे, म्हणून थोडं जास्त घालते."

लव्हर्नने हात पुढे केला. डबी फिरवून तिने बारीक अक्षरं वाचली. पोटॅशियम क्लोराईड. जवळजवळ निव्वळ. ज्याला त्यांनी घरातून हाकललं होतं, तेच पुढच्या दाराने आत येऊन रोज पानावर बसत होतं. सगळ्यांनी विचारलं होतं, मीठ खाता का. त्यानेही खरंच सांगितलं होतं, नाही. लव्हर्नला स्वतःचाच संताप आला. मिठाच्या जागी काय घालता, हे तिनेसुद्धा एकदाही विचारलं नव्हतं.

तिने सांगितलं. आडवळणाने नाही, सरळ सांगितलं.

ओपल डबीकडे बघत राहिली. "म्हणजे मीच," ती म्हणाली. "त्याला मशीनपाशी ढकलत होते ती मीच. माझ्या हाताने."

"तुम्ही दुकानातून उघड विकत आणलंत. त्यावर 'आरोग्यदायी' असं छापलंय. आणि तुम्ही आज इथे आला नसतात, तर ही डबी मला कधीच दिसली नसती. ते तर घरी म्हणाले असते, मीठ बंद आहे."

"खरंय," हर्शेल म्हणाला. "मी काय, समोर येतं ते खातो."

ओपल रडत होती, पण रडता रडता तिने कागद मागितला. मग मध्यान्हापर्यंत त्या दोघी भर नदीत कागदावर स्वयंपाक करत होत्या. लिंबू, लसूण, व्हिनेगर, मिरी, सुका पुदिना, कशात काय, किती. हर्शेलने मध्येच तोंड घातलं, तेव्हा ओपल म्हणाली, "तू होडी सांभाळ."

डबी लव्हर्नने आपल्याकडे ठेवून घेतली. त्याच आठवड्यात तिने ओहायोच्या मंडळाला डबीच्या फोटोसकट तक्रार लिहिली. टॉन्याला काही होईल अशी तिला फारशी आशा नव्हती. माहितीला परवाना लागत नाही. पण तक्रार करायला आता जागा तरी होती, आणि वडिलांच्या नशिबी नव्हती ती जागा रिकामी ठेवायची नाही, हे तिने ठरवलं होतं.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी लव्हर्नला काम सुचेना. ओहायोचा कागद अजून वाटेतच होता. दुपार कलल्यावर फोन वाजला. ओपल होती.

"चार पूर्णांक सात!" ती ओरडली. "डॉक्टर म्हणाला, मशीनचं नाव आता इतक्यात नाही!"

लव्हर्न खुर्चीत बसली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. 

"लव्हर्न," ओपल हळूच म्हणाली, "परसात एकच टोमॅटो उरलाय. शेवटचा. उन्हाळाभर तो नुसता बघत बसलाय. त्यातली एक फोड त्याला दिली तर चालेल का गं?"

लव्हर्नला उत्तर माहीत होतं. केवढी फोड, कशाबरोबर, त्या दिवशी ताटातलं काय कमी करायचं, सगळं माहीत होतं.

"सिस्टर ओपल, तुम्ही कुठे आहात?"

"स्वयंपाकघरात."

"ब्रदर हर्शेल?"

"औषधं आणायला गेलाय, शेजाऱ्याबरोबर."

"मग ते येईपर्यंत थांबू."

 फोनमधून जाळीचं दार आपटल्याचा आवाज आला. गवतातून चालणारी पावलं, जॅकेटची चेन, लाकडावर लाकूड आपटलं, आणि एक मोठा, घाबरलेला श्वास. लव्हर्न फोन कानाला लावून नदीकडच्या खिडकीशी गेली. पलीकडच्या काठावरून एक होडी निघाली होती. वाहून जाऊ नये म्हणून तिचा लांब दोर काठावरच्या झाडाला बांधलेला, वल्ही वेडीवाकडी पडत होती, आणि आत बाई एकटी होती. एकदा होडी गर्रकन उलटी फिरली, बाईने ती पुन्हा सरळ केली. खांब मागे पडला.

फोनमधून धापा ऐकू आल्या, मग पाण्याचा चुबुक चुबुक आवाज.

"आले केंटकीत," ओपल म्हणाली. "आता बोल."