पोटातली दोन नावं

मित्रांनो, मी एक म्हातारं व्हायोलिन आहे. माझ्या आतल्या चिठ्ठीवर व्हायोलिनसाठी नावाजलेल्या इटलीतल्या क्रेमोनाचं नाव आहे आणि ते धादांत खोटं आहे. माझा जन्म रोमानियातल्या रेगिन गावचा. गाव्रील लाकूड कोरायचा, त्याची बायको सावेता ते घासून गुळगुळीत करायची. तिथून आम्ही बिनरंगाचे, बिननावाचे परदेशी जायचो. रंग आणि नाव तिकडचा दुकानदार देई. घडवणाऱ्यानं सही केली तर माल परत, असा धंद्याचा रिवाज.

माझं झाकण बसवण्याआधी सावेतानं पेन्सिल उचलली.

“खुळी झालीस का? दलालानं पाहिलं तर?”

“तो काय पोटात शिरून बघणारे? तीस वर्षं दुसऱ्यांच्या नावानं पोरं घडवतोय आपण. एक तरी आपल्या नावावर असू दे.”

गाव्रील हसला. तिनं गोल, शाळकरी अक्षरात दोघांची नावं लिहिली.

क्रेमोनात ओर्नेलाबाईंच्या दुकानात मला तपकिरी रंग आणि ती चिठ्ठी मिळाली. पुढं बारा वर्षं मोठमोठ्या सभागृहांत माझा आवाज घुमला. “इटलीचं वाद्य ते, लपतंय थोडंच!” असं लोक म्हणत. मलाही ते गोड लागे. आज त्याची लाज वाटते.

मग एका कोरड्या हिवाळ्यात झाकणाला तडा गेला. थकलेल्या वादकानं मला ओर्नेलाबाईंनाच विकून टाकलं. दुरुस्तीसाठी त्यांनी मला उघडलं आणि नावं वाचली.

“हे बाहेर फुटलं तर माझ्या दुकानाची पायरी कोण चढेल?” असं पुटपुटत त्यांनी पॉलिश पेपरनं दोन्ही नावं घासून काढली.

त्याच वर्षी वाद्यांच्या बाजारासाठी आलेला एक वाकलेला म्हातारा दुकानात शिरला. तो गाव्रील होता. मला उलटं करून तो म्हणाला, “ही पाठ माझ्या हातची, बाई.”

“आजोबा, चिठ्ठी वाचा की.”

“चिठ्ठी राहू दे. आत माझ्या बायकोचं अक्षर आहे. ती गेली या वसंतात. घरात तिच्या हातचा एक कागद नाही. नुसतं बघतो. कुणाला सांगत नाही.”

त्यानं झाकणावरच्या भोकातून बारीक आरसा आत सरकवला. बराच वेळ पाहिलं. मग मला हलकेच खाली ठेवलं.

“म्हातारपण, दुसरं काय. स्वतःचं काम ओळखता येईना मला. माफ करा, बाई.”

ओर्नेलाबाईंनी त्याच्यासाठी दार उघडून धरलं. मला त्याला हाक मारायची होती, पण वाजवल्याशिवाय मला आवाज नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूच्या आत कधी एखादं अनोळखी नाव सापडलं, तर ते पुसू नका. तुमच्या ते उपयोगाचं नसेलही. पण कुणीतरी तेवढंच शोधत दुरून येत असतं.