टोपी न काढणाऱ्यांच्या बाकावर

बैठकघरात पुरुषांच्या बाजूला सव्वीस टोप्या होत्या. सगळ्या काळ्या, सगळ्या रुंद काठाच्या आणि सगळ्या डोक्यावरच. सत्ताविसावी बेनोनी ट्रेडवेलच्या डोक्यावर होती. बाक नऊ, खिडक्या सहा, दारं दोन, मधोमध एक लोखंडी शेगडी. पलीकडे बायकांच्या पांढऱ्या टोपड्या होत्या. त्या त्याने मोजायला घेतल्या आणि अर्ध्यावर सोडून दिल्या, कारण तिकडे फार वेळ बघणं बरं दिसलं नसतं. मोजत राहिलं की हात थरथरायचे थांबतात, हे त्याला डॉक्टरकीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. आज ते थांबत नव्हते.

१७७६च्या जुलैत फिलाडेल्फियाला अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसमध्ये इंग्लंडच्या राजाशी नातं तोडायचा ठराव आला, तेव्हा बेनोनीने हात वर केला होता. आता डिसेंबर होता. राजाची फौज सगळं न्यू जर्सी तुडवत डेलावेअर नदीपर्यंत पोचली होती. ज्यांनी हात वर केले होते, ते मिळेल त्या घोड्यावर पळाले होते. बेनोनी मागे राहिला, कारण नदीवरची एकूण एक होडी त्याच्याच सैन्याने पलीकडच्या काठाला नेऊन ठेवली होती. होड्या नेण्याच्या त्या ठरावालाही त्याने हात वर केला होता.

तीन दिवसांपूर्वी तो नदीअलीकडच्या मिलब्रुक गावात केझाया स्टोक्लीच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्या म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच ना तो? तुझ्या कमिटीने वसंतात माझी घोडी नेली."

"लढाईसाठी लागत होती, स्टोक्लीबाई. पावती दिली होती."

"पावतीवर बसून मला बाजाराला जाता आलं नाही. आणि मला बाई म्हणू नकोस. आम्ही क्वेकर पंथाचे लोक कुणाला बाई-साहेब म्हणत नाही आणि म्हणवूनही घेत नाही. केझाया म्हण. आत ये, दार उघडं राहिलंय."

त्याच संध्याकाळी तिने त्याला स्पष्ट सांगून टाकलं होतं. "मी तुला जेवायला घालीन, झोपायला जागा देईन. पण कुणी येऊन विचारलं की हा इथे आहे का, तर मी नाही म्हणणार नाही. आजवर खोटं बोलले नाही, या वयात सुरुवात करायची नाही."

"मग मला फासावर चढवतील."

"म्हणून मी गप्प बसेन. पण गप्प बसण्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो, हे तूही लक्षात ठेव."

आज सकाळी शिपाई घरोघर झडती घेत येत असल्याचं कळलं, तेव्हा तिने मेलेल्या नवऱ्याचा करडा कोट आणि टोपी त्याच्यापुढे टाकली. "थंडी आहे, घाल. आमच्या प्रार्थनेच्या बैठकीला कुणीही येऊन बसू शकतं. यात खोटं काही नाही." मग त्याच्या गळ्याशी कोटाचं बटण लावताना ती म्हणाली, "टोपी काढायची नाही. गव्हर्नर आला तरी नाही. आमचे पुरुष माणसासमोर डोकं उघडं करत नाहीत. कुणी गुडघे टेकून मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागलं, तरच सगळे उठतात आणि टोप्या काढतात. तेव्हा तूही काढ."

"कोण म्हणतं प्रार्थना?"

"ज्याला आतून बोलावणं येतं तो. नाही आलं, तर दोन-दोन तास कुणी तोंड उघडत नाही. तुला जड जाईल. काँग्रेसवाला आहेस."

आता ती समोरच्या उंच बाकावर, वडीलधाऱ्यांच्या ओळीत, सगळ्यांकडे तोंड करून बसली होती. डोळे मिटलेले. बेनोनी शेवटून दुसऱ्या ओळीत होता. शेगडीत एखादं लाकूड सरकलं तरी त्याला बाहेर घोडा आल्यासारखं वाटायचं.

फासाची भीती होतीच. पण तिच्याखाली आणखी एक भीती होती आणि ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. राजाच्या सेनापतीने माफी जाहीर केली होती. इमान राखीन एवढ्या एका ओळीखाली सही करायची आणि घरी जायचं. गावागावांत लोक रांगा लावून सह्या करत होते. आपल्याला धरलं, दोर दाखवला आणि मग तो कागद पुढे केला, तर आपण काय करू? रोज पहाटे तो स्वतःला हा प्रश्न विचारायचा, आणि रोज उत्तर येण्याआधी उठून बसायचा.

बाहेर घोडे थांबले. राजाच्या भाडोत्री जर्मन शिपायांपैकी कुणी आपल्या भाषेत ओरडलं. दोन्ही दारं एकदम उघडली, थंडी आत आली आणि तिच्यामागून बंदुका घेतलेले शिपाई आले. मग एक इंग्रज कॅप्टन आला. तरुण, नाक थंडीने लाल झालेलं.

एकही मान वळली नाही. बेनोनीची वळत होती, ती त्याने दात आवळून थांबवली.

समोरच्या बाकावरचा म्हातारा ओबाडाया म्हणाला, "मित्रा, बैठक चालू आहे. बसायचं असेल तर बस."

"नको हो," कॅप्टन म्हणाला. "माझी आत्या तुमच्यातलीच, ब्रिस्टलची. लहानपणी तिच्या शेजारी बसून माझे पाय इतक्यांदा बधिर झालेत की आता उभाच बरा." तो बाकांच्या मधून सावकाश पुढे गेला. "ट्रेडवेल नावाचा एक डॉक्टर या गावात शिरलाय. तोंड आमच्यातल्या कुणी पाहिलेलं नाही. तुम्हाला विचारून उपयोग नाही, ते मला माहीत आहे. खोटं तुम्ही बोलणार नाही आणि खरं सांगणार नाही. म्हणून मी विचारतच नाही."

तो समोरच्या बाकापाशी पोचला, वळला, टाचा जुळवल्या. स्वतःची टोपी काढून छातीशी धरली आणि मान लववून मोठ्याने म्हणाला,

"देव राजेसाहेबांना उदंड आयुष्य देवो."

डोक्याला गार लागलं तेव्हा बेनोनीला कळलं. टोपी त्याच्या गुडघ्यावर होती. हात त्याला न विचारता वर गेला होता आणि खाली आला होता. या वाक्याला टोपी काढायला बापाने शिकवलं होतं, शाळेत शिकवलं होतं, चर्चमध्ये, मेजवान्यांत, चाळीस वर्षं. जुलैत ज्या हाताने राजाला नाकारलं, त्याच हाताने आता राजाला मुजरा केला होता. सव्वीस काळ्या टोप्यांमध्ये त्याचं एकट्याचं डोकं उघडं होतं. परत घालावी तर हालचाल दिसणार. त्याची बोटं टोपीच्या काठात रुतली आणि तिथेच राहिली.

कॅप्टनची मान अजून खाली होती, दाराशी शिपायांच्याही.

तेवढ्यात समोर लाकडावर काहीतरी धपकन आदळलं. केझायाने गुडघे टेकले होते.

"प्रभो," ती म्हणाली.

सगळी बैठक उठली. सव्वीस टोप्या उतरल्या. बेनोनीही उठला. त्याने पुढच्या बाकाची पाठ धरली. कॅप्टनने मान वर केली तेव्हा त्याच्यासमोर उघड्या डोक्यांच्या रांगाच रांगा होत्या. त्याने ओठ चावला. त्याची स्वतःची टोपीही हातातच होती आणि ती आता घालता येत नव्हती.

"प्रभो, या छपराखाली एक माणूस भ्यालाय," केझाया म्हणाली. "फार भ्यालाय. तू त्याला ओळखतोस."

बेनोनीला वाटलं, संपलं. ही खोटं बोलणार नाही. आता नाव घेईल. तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून तो तिच्या गुडघ्यांखालच्या फळीकडे बघत राहिला.

"त्याने आमचं नुकसान केलंय, पण ते मी आज मोजत नाही. जो बंदूक घेऊन आलाय त्याचंही मोजत नाही. त्याचीही आई कुठेतरी असेल. दोघांनाही संध्याकाळ दिसू दे."

मग ती थांबली. सगळ्यांना वाटलं, झालं. पण तिने पुन्हा सुरू केलं. पिकासाठी मागितलं, शेजारच्या बाळंतिणीसाठी मागितलं, नदीपलीकडे थंडीत पडलेल्या पोरांसाठी मागितलं. दारं उघडीच होती. शेगडी विझत आली. शिपाई पाय आपटू लागले. एक सार्जंट कॅप्टनच्या कानाशी लागला.

"साहेब, ती म्हणते तो भ्यालेला माणूस कोण?"

"इथे कोण भ्यालेलं नाही ते सांग," कॅप्टन हळूच म्हणाला. "चल. अंधार पडायच्या आत अजून दोन गावं बघायचीत. आणि ही आत्यासारखीच आहे, संपवायची नाही."

तो टोपी हातात धरूनच दारापर्यंत गेला. घोड्यांचा आवाज पुलापलीकडे विरेपर्यंत केझाया गुडघ्यांवरच होती.

तिचं घर बैठकघराला लागूनच होतं. आत शिरल्याबरोबर ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली आणि टोपडंही काढलं नाही. बेनोनीने दार लावलं. आभार मानायला त्याने तोंड उघडलं.

"केझाया, तुम्ही मला..."

"काही बोलू नकोस. मी डोळे उघडले होते," ती म्हणाली. "तुझा हात वर जाताना मला दिसला."

"बरं झालं दिसला."

"बरं कसं? पन्नास वर्षांत मी बोलावणं आल्याशिवाय तोंड उघडलेलं नाही. आज बोलावणं आलं होतं, की तुझा हात बघून मी घाबरून उठले? बोलावणं नसताना प्रार्थना म्हणायची म्हणजे देवाशीच खोटं बोलायचं. कॅप्टनशी खोटं बोलणं त्यापुढे काहीच नाही."

"माझा जीव वाचला. कशामुळे का असेना."

"तुला काही फरक पडत नाही. मला पडतो." तिने बाही वर सारली आणि मनगट टेबलावर ठेवलं. "बोलावणं येतं तेव्हा आधी अंग थरथरतं, आणि बोलून झालं की आतलं सगळं संथ होतं. तळ्यासारखं. माझा नवरा घरी येऊन हात धरायचा. म्हणायचा, केझाया, तू झोपल्यासारखी लागतेस. भीती असली तर तसं होत नाही. तू डॉक्टर आहेस ना? बघ."

बेनोनी तिच्यासमोर बसला. नाडीवर बोटं ठेवली. ती पातळ होती आणि बोटांखालून पळत होती. कोपऱ्यात उंच घड्याळ होतं, त्याचा लंबक सेकंदाला एकदा वाजायचा. तिची नजर त्याच्या तोंडावर होती. सत्तर म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. बहात्तर म्हणावं. तिला ते खरं वाटलं असतं, आणि ती शांत झोपली असती.

लंबकाचे साठ ठोके होईपर्यंत त्याने मोजलं.

"एकशे एकतीस," तो म्हणाला.