दुपारी दोनची सावली

"सर, आमची शाळा गोदामासारखी का बांधलीत तुम्ही?"

भरल्या सभेत पंकजाने एका दमात विचारलं आणि उत्तर मिळेपर्यंत उभीच राहिली. मागे दिशाने धनश्रीच्या मांडीला चिमटा काढला. पैज दोन प्लेट भेळेची होती आणि पंकजा विचारणारच नाही, असं दोघींचं ठाम मत होतं. दिवाळीच्या आधी तिने विचारलंही नसतं. पण जानेवारीत तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिला स्वतःचा आवाज भलताच आवडायला लागला होता.

हेडसरांनी डोळे वटारले. खुर्चीत बसलेले गहिनीनाथ सर मात्र हसले. वय ब्याऐंशी. नजरेच्या मध्यभागी काळा डाग पडलेला, त्यामुळे त्यांना फक्त कडेकडेचं दिसायचं. कुणाकडे बघायचं तर ते मान तिरपी करत, कोंबडा दाण्याकडे बघतो तशी.

पन्नास वर्षांपूर्वी कोल्हारजवळची ही शाळा त्यांनीच बांधली होती. ना रंग, ना कमान, ना कळस. उघडं काँक्रीट, काळा दगड आणि भोकाभोकांच्या भिंती. गावाने वर्गणी काढून कमान देऊ केली, तेव्हा हे म्हणाले होते, "कमान लावा, पण मग पाटीवरचं माझं नाव पुसा." मुंबईत शिकले, परदेशात गाजले, शोभेच्या खोट्या खांबांवरून भांडून मोठी नोकरी सोडली आणि एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं पहिलं वाक्य हेडसरांनी ओळख करून देताना दोनदा वाचलं होतं. 'इमारत भिंतीने सुरू होत नाही, सावलीने सुरू होते.'

"दिसते खरी गोदामासारखी," सर म्हणाले. "गोदामाचं एक बरं असतं, ते खोटं बोलत नाही. नाव काय तुझं?"

"पंकजा, सर. नववी अ."

"मग पंकजा, आता माझा प्रश्न. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता या शाळेत सगळ्यात गार जागा कुठली?"

"कॉम्प्युटर रूम, सर! तिथं एसी आहे."

सगळी शाळा हसली. पंकजाही हसली, विनोद आपणच केल्यासारखी.

"एसी माझा नाही. आणखी कुणी?"

 मग पार शेवटच्या रांगेतून, चपलांच्या ढिगाजवळून आवाज आला.

"टाकीमागची पायरी."

सगळ्या माना वळल्या. ज्ञानेश्वरी होती. ऊसतोडीच्या टोळीबरोबर पाथर्डीकडून आलेली, रानातल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहणारी, हंगामापुरती नववी अ मध्ये बसणारी. दिवाळीनंतर ही पोरं यायची आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप थांबलं, की एका सकाळी बाक रिकामा दिसायचा.

"का गं?" सरांची मान तिरपी झाली.

"पाण्यावरनं वारं येतंय तिथं. टाकीवरनं येतंय आन जाळीतनं खाली उतरतंय."

सर काठी टेकत उठले. हेडसर धावले, त्यांना हातानेच थांबवून सर रांगांमधून थेट मागे गेले. त्यांची पुस्तकी मराठी वाटेतच कुठेतरी गळून पडली.

"कंच्या गावची गं तू, बाय?"

तिने गावाचं नाव सांगितलं. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

पंकजा अजून उभीच होती. तिला बस म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. प्रश्न तिचा होता. हिंमत तिची होती. तिने दिशाकडे बघितलं, तर दिशापण मागेच बघत होती.

जाताना सरांनी सांगितलं, की शेवटचं पुस्तक लिहून होत आलंय, पण त्यातली चित्रं काढायला आता डोळे नाहीत. मे महिनाभर एक विद्यार्थी हवा. राहायची-जेवायची सोय शाळेच्या वसतिगृहात होईल. रविवारी सकाळी ज्याने त्याने एका घराचं चित्र घेऊन यावं.

"तूच गं," भेळ खाताना धनश्री म्हणाली. "चित्रकलेत तुझ्याएवढं कोण हाय शाळेत?"

"आणि ती?"

"ती कोण? ज्ञानेश्वरी? तिच्याकडं तर रंगपेटीपण न्हाई."

पंकजाने भेळेतला कांदा बोटाने बाजूला सारला. कांदा तिला खरं तर आवडायचा.

*

रविवारी ती नऊच्या आधीच शिक्षकांच्या वसाहतीत पोचली. सर दोन खोल्यांत राहायचे, त्याही त्यांनीच बांधलेल्या. तिच्या हातात ड्रॉइंग शीटची गुंडाळी होती. तीन रात्री खपून तिने घरचा नवा, अजून बांधायचा बंगला काढला होता. पप्पांनी नगरहून प्लॅन करून आणला होता. समोर चार गोल खांब, वर कमान, गच्चीवर सिमेंटचे दोन गरुड. तिने गरुडाचं एकेक पीस काढलं होतं.

आठवीतली दोन पोरं येऊन गेली होती. सरांनी तिचं चित्र डोळ्यांच्या कडेजवळ धरलं, मग पुन्हा दुसऱ्या कडेजवळ.

"हात फार चांगला आहे," ते म्हणाले. पंकजाचे खांदे वर आले. "रेघ थरथरत नाही. या घरात दुपारी दोनला तुझी आई कुठं बसेल?"

"अं... हॉलमध्ये. सोफ्यावर."

"हॉलचं तोंड कुठं?"

"पश्चिमेला. रोडकडं. म्हणजे समोरचं एलिव्हेशन दिसलं पाहिजे ना, सर."

"मग आई भाजून निघेल." त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं, चहात साखर कमी आहे असं सांगावं तसं. "ज्याला दोनची सावली सापडली त्याला घर सापडलं. बाकी सगळं शिकवता येतं."

मग दाराकडे मान वळवून त्यांनी विचारलं, "ती पोरगी नाही आली? टाकीमागची?"

बाहेर रस्त्यावरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला. पंकजाने गुंडाळीचं रबर दोन बोटांवर ताणलं.

"तिच्या टोळीच्या कोप्या तुमच्याच रानात आहेत, असं हेडसर म्हणाले. मला तिची कोपी बघायची होती. या पोरांनी उभी केलेली कोपी बघितली की मला माझ्या ग्रंथातलं निम्मं खोडावंसं वाटतं."

"पट्टा पडला, सर," पंकजा म्हणाली. आवाज स्पर्धेतल्यासारखा खणखणीत आला. "टोळी गेली. काल सकाळीच गेली."

"गेली?"

"हो, सर. कोप्या मोडून गेली."

 मग चाचपडत त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि एक लाकडी तीनधारी पट्टी काढली. तिच्या कडा बोटांनी गुळगुळीत झाल्या होत्या, आकडे अर्धेअधिक पुसलेले.

"मग तूच ये. उद्यापासून रोज सकाळी तासभर येत जा, मेपर्यंत हात बसेल. ही ठेव. माझ्या पहिल्या पगाराची आहे."

*

दिशाकडे पट्टी दाखवून, तिथंच जेवून दुपारी सायकलवरून घरी येताना पंकजाला गाणं म्हणायचं होतं. दोनदा तिने सुरुवात केली आणि दोन्ही वेळा ओळच आठवेना.

रानाच्या कडेला सात कोप्या होत्या. पट्टा खरंच पडला होता, काल नाही, आज. टोळीचा ट्रक उद्या सकाळी येणार होता. ते निघाले की त्याच जागेवर जेसीबी लागणार होता, बंगल्याच्या पायासाठी. पंकजा सरळ घरी जाणार होती. पण ऊन डोक्यावर आलं होतं आणि शेवटच्या कोपीच्या दारात ज्ञानेश्वरी भांडी पोत्यात भरत होती. तिने मान वर केली आणि लाजल्यासारखी हसली.

"गेल्तीस व्हय सरांकडं?"

"गेले होते. तू का नाही आलीस?"

"कशी येऊ? घर काढा म्हनले. घर म्हनलं की मला हीच दिसती." तिने कोपीकडे हनुवटी केली. "हिचं काय चित्र काढायचं? हसले असते समदे."

"कोण हाय गं?" आतून तिची आई, कडूबाई, म्हणाली. "मालकांची पंकजाताई व्हय? ये की आत. उनात का हुबी?"

आत जायला वाकावं लागलं. पंकजा वाकली, आत आली आणि तिने नकळत सुस्कारा सोडला. घामेजलेल्या मानेवरून काहीतरी गार गेलं.

कडूबाई समोरच्या भिंतीच्या तळाशी पाय पसरून बसली होती. तिची पाठ पश्चिमेला. तिथे भिंतीच्या बांबूच्या चटईवर उसाच्या पाचटाचा हातभर जाड थर होता, आणि खाली जमिनीलगत मात्र चटई वीतभर उचलून दगडावर टेकवलेली. त्या फटीपलीकडे पाण्याचा दंड, छोटा पाट, वाहत होता. वारं दंडावरून सरपटत येत होतं आणि थेट कडूबाईच्या कमरेपाशी आत शिरत होतं.

पंकजाने घड्याळात बघितलं. दोनला पाच कमी होते.

"ही फट कुणी ठेवली?"

"हिनंच," कडूबाई म्हणाली. "लई खोडी हाय तिला. मुकादम म्हनला दारं रोडकडं करा, तर ही म्हनती, न्हाई, उगवतीकडं. बापाला दोनदा बांबू उपटाया लावले बगा. माझी कंबर दुखती ना, म्हून मला निजाया गार जागा पायजे म्हनली."

"टाकीसारखं," पंकजा म्हणाली.

"व्हय," ज्ञानेश्वरी दारातूनच म्हणाली. "शाळंत आल्यावर पयल्याच दिशी दिसलं मला. म्हनलं, हे बांधनारा आपल्यातलाच आसंल कुनीतरी."

कडूबाईने तांब्या पुढे केला. पंकजा पाणी प्यायली आणि बसून राहिली. तिला राग येत होता. या फटीचा, या गारव्याचा, उठावंसं वाटत नव्हतं याचा. दप्तरातली पट्टी तिने बाहेर काढली आणि उगाच फटीला लावून बघितली. मग भिंतीच्या उतारापाशी. मग दारापाशी. पुसलेले आकडे वाचता येईनात.

ज्ञानेश्वरी जवळ येऊन बसली. तिने फटीवर आपला हात आडवा ठेवला, अंगठा आणि करंगळी ताणून. एक वीत. बरोबर बसली.

"भारी हाय पट्टी," ती म्हणाली. "कुनाची?"

पंकजाने पट्टी दप्तरात टाकली. चेन एका झटक्यात लागली नाही.

"अजून माहीत नाही," ती म्हणाली.

*

संध्याकाळी पप्पा ओट्यावर बसून जेसीबीवाल्याशी फोनवर बोलत होते. मम्मी वाटाणे सोलत होती. निवडीची बातमी दिशाच्या आईकडून पोचली होती. मम्मीने पंकजाला बघितल्याबरोबर वाटाण्याच्या हातानेच तिच्यावरून बोटं मोडली.

"एवढ्या मोठ्या मानसानं आमच्या पोरीला निवडलं! पप्पांना म्हनलं, बंगल्याच्या वास्तुशांतीला त्यांनाच बोलवू."

पप्पांनी फोन ठेवला. "सात वाजता ट्रक येतोय, आठला जेसीबी. साहेबांनी बघितलं का गं तुझं चित्र? आवडलं का एलिव्हेशन?"

पंकजा उभीच राहिली. सभेत राहिली होती तशी, फक्त या वेळी पैज कुणी लावली नव्हती.

"पप्पा, ट्रक दुपारी तीनला सोडायचा. टोळीला मी सांगून आलेय. जेसीबीपण उद्या नको."

"काय झालं?"

"सकाळी मी सरांकडे जाणार आहे. त्यांना मी एक खोटं सांगितलंय, आता खरं काय ते सांगायचंय. मग त्यांना आणि ज्ञानेश्वरीला दुपारी दोनला कोपीत बसवणार. त्यानंतर पट्टी कुणाला द्यायची ते सर ठरवतील."

"आगं, पन तुला निवडलंय ना?" मम्मीच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली.

"निवडलं होतं."

पप्पांनी एकदा तिच्याकडे, एकदा फोनकडे बघितलं. "आन पाया? मुहूर्त काढलाय, बाळा. गंमत हाय का ही?"

"नाही, गंमत नाही." पंकजा खाली बसली नाही. "बंगला होऊ दे. पण मम्मी दुपारी दोनला कुठं बसणार हे कळल्याशिवाय मी तिथं एक कुदळ पडू देणार नाही."