कात्रणांतली आई

फोटोच्या दुकानातल्या धाकटीला आईचं तोंड आठवत नव्हतं. वडिलांनी साऱ्या गल्लीचे फोटो काढले, बायकोचा तेवढा राहून गेला. घरचंच माणूस, काढू कधीही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आई गेली तेव्हा धाकटी पाळण्यात होती आणि दादा पाच वर्षांचा.

वडिलांमागे दुकान या दोघांनीच चालवलं. फावल्या वेळात धाकटी पेन्सिलीने आई काढायला बसायची आणि कागदावर दर वेळी स्वतःच उतरायची. एका दुपारी कटरखालचा ट्रे रिकामा करताना तिला दिसलं, की पासपोर्ट फोटोंच्या कात्रणांत एका म्हातारीच्या कपाळाखाली कुणा तरुणीचा डोळा येऊन पडलाय. डोळा ओळखीचं बघत होता. तिच्या अंगावर काटा आला, अन् बोटांना चाळा लागला.

"दादा, आईचे डोळे कसे होते रे?"

दादा लेन्स पुसत होता. "टपोरे. डावा जरासा बारीक."

"आणि नाक?"

"तुझ्यासारखं नव्हतं, सुटली बिचारी."

तेव्हापासून हललेल्या, बिघडलेल्या प्रती ती जपून ठेवू लागली. दादाने सांगावं, तिने कापावं, डिंकाने चिकटवावं. हनुवटी शिंपिणीची, भुवया शाळेतल्या बाईंच्या, ओठ कुणाचे ते तिलाही आठवेना. डोळा परका, गाल परका, हसू परक्या दारचं. माया तेवढी आपली. महिन्याभरात पुठ्ठ्यावर चेहरा पुरा झाला.

"हीच," दादा म्हणाला आणि मटकन खाली बसला.

"रडतोस काय वेड्यासारखा? सापडली ना!"

"चिमणे, मला काही म्हणता काही आठवत नाही गं. लहानपणी तू रडून रडून निळी व्हायचीस, म्हणून एक आई रचून सांगायचो. पुढे तीच सांगत राहिलो."

धाकटीने कात्री उचलली. पुठ्ठ्यावरच्या बाईने डोळे घट्ट मिटून घेतले, मार चुकवणाऱ्या पोरासारखे. कात्री हातातून गळून पडली.

सकाळी दुकान उघडलं तर पुठ्ठा कोरा.

"तू फाडलास?"

"तुझी शप्पथ, नाही."

आतल्या पडद्यामागे स्टूल करकरलं. दोघं आत गेली. गिऱ्हाइकाच्या जागेवर बाई बसली होती. डावा डोळा जरासा बारीक. भुवईपासून गालापर्यंत केसाएवढी रेघ.

"सांगितलंस तशीच आले ना रे?" ती दादाला म्हणाली. आवाज एकीचा नव्हता. पाचसहा बायका एका दमात बोलल्यासारखा होता.

दादा भिंतीला टेकला. "चिमणे, मागे हो. ही आपली कुणी नाही."

"मग आपली कुठली आहे? दाखव ना."



धाकटी पुढे झाली, स्टुलाच्या कडेला टेकली. बाईने रोजची सवय असल्यासारखं सरकून जागा दिली. धाकटीने तिच्या गालाला आपला गाल लावला. गाल गार होता, गुळगुळीत, आणि मधोमध डिंकासारखा ओलसर. हळूहळू ती ओल सुकू लागली, कातडी ताणू लागली. आता मान काढून घ्यायची तर सालपट निघणार, हे तिला कळलं.

"चिमणे!" दादा ओरडला.

ती हलली नाही.